सांगणाऱ्याचा रकाना

अण्णा,

तुम्ही असता तर हे मी तुम्हाला सांगितलं नसतं. रविवारी फोन करून हवापाणी, पोरीची शाळा, तुमचा खोकला एवढं बोलून ठेवून दिला असता. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली म्हणून हे धाडस करते आहे. पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नही नाही, कारण कऱ्हाडच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये आता दुसरंच कुणीतरी राहत असेल, आणि मोजणीदाराच्या मुलीनं अमेरिकेत काय करून ठेवलं याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

मी इथे मोजणीच करते, अण्णा. तुमची समजूत होती की पोरगी इंजिनिअर झाली म्हणजे धरणं बांधेल, निदान एखादा पूल तरी. तसलं काही झालं नाही. २००१ च्या अखेरीस आम्ही तिघं जॉर्जियातल्या या गावात आलो. नवऱ्याचं काम अटलांटात, कॉम्प्युटरवर. तो रोज सव्वा तास गाडी हाकत जातो आणि सव्वा तास हाकत येतो. मला नोकरी मिळाली ती या नदीकाठच्या गावातल्या एका मोजणीच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक ट्रक आणि आमचे साहेब. साठी उलटलेले, पोट सुटलेले, तोंडात सतत एक दातकोरणं. त्यांचे आजोबा मोजणीदार, वडील मोजणीदार. मुलाखतीत मी म्हणाले की माझे वडीलही जमीन मोजायचे, साखळीनं, तर त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. तुमच्या नावावर मिळालेली नोकरी आहे ती, हे आधीच सांगून ठेवते.

या गावाचा इतिहास मला त्यांच्या ट्रकमध्ये बसून कळला, आणि उरलेला कोर्टाच्या तळघरातल्या नकाशांतून. सगळ्यांत जुन्या नकाशात नदीच्या वळणावर होडी लागायची जागा आहे, एक वखार आहे आणि तीन घरं. पुढच्यात कापसाची गोदामं आली, वळणावरच्या चिकणमातीत वीटभट्ट्या आल्या. मग आगगाडी, मग सूतगिरणी, आणि गिरणी कामगारांच्या एकसारख्या घरांच्या ओळी. कोर्ट, बँक, मोठी चर्चेस, सगळं त्याच भट्ट्यांच्या विटांचं. गोऱ्या लोकांच्या घरांवर नकाशात मालकाचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. रुळांपलीकडे, नदीच्या अंगाला, काळ्या लोकांची वस्ती. तिथे नुसते चौकोन, नाव एकाचंही नाही. भट्टीवर राबणारी माणसं तीच. वस्तीच्याही पुढे नदीपर्यंत झाडांच्या चार खुणा काढल्या की नकाशा संपतो. असा नकाशा तुम्ही शेरा मारून परत पाठवला असता.

तुमचा नकाशा कसा व्हायचा ते आठवतंय. आपल्या क्वार्टरमध्ये धड उजेड फक्त स्वयंपाकघरात यायचा, म्हणून तुम्ही तिथेच खाली फळी मांडून बसलेले. आई स्टोव्ह भिंतीकडे सरकवते आणि म्हणते, "आमटीत शाई पडली तर मला बोलायचं नाही." तुम्ही ऐकत नाही. टिपणवही शेजारी उघडी आहे. तिच्यात मापांच्या कडेला तुम्ही स्वतः आखलेला एक जादा रकाना, कुठल्याही सरकारी नमुन्यात नसलेला: 'सांगणार'. बांध कुठून जातो, ओढा कधी सरकला, हा दगड कुणी पुरला, हे ज्यानं सांगितलं त्याचं नाव. कचेरीत तुमच्यावर हसायचे त्यावरून. बाकीचं सगळं तुम्ही पेन्सिलीनं लिहायचात, चुकलं तर खोडता यावं म्हणून. तो एक रकाना शाईनं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "मापं माझी आहेत, ती चुकतील. हे दुसऱ्यानं सांगितलंय, ते खोडायचा मला काय अधिकार?"

आणि ती मे महिन्याची सुट्टी. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, अंगात नको तेवढी हुशारी. कृष्णेकाठच्या एका गावी तुम्ही मला बरोबर नेलंत आणि एका शेताचं टिपण मला एकटीला काढू दिलंत. ओढ्याच्या कडेला दगडांची सरळ रांग दिसली, मी ती हद्द म्हणून ठोकून दिली. घरी स्वयंपाकघरात तुम्ही वही चाळलीत. "हे कुणी सांगितलं?" "कुणी नाही. दगड आहेत ना तिथे." "कुणी सांगितलं नाही, मग काढलंस कशाला?" एवढंच. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एसटीनं परत नेलंत, फाट्यापासून चार मैल चालवलंत. झोपडीपुढे एक म्हातारी बसली होती. मी विचारलं. ती खो खो हसायला लागली. "ती धोंडं व्हय? ती आमच्या मामंजींनी वांग्याच्या वाफ्याला लावल्याती. हद्द लांब हाय की, त्या बाभळीपल्याड." येताना एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं मला.

डिग्रीला सांगलीला निघाले तेव्हा तुम्ही तुमचं पेन दिलंत. तेच, मरून रंगाचं, टोपण ढिलं झालं म्हणून त्याला दोऱ्याचे वेढे दिलेलं. "रकान्यासाठी," म्हणालात. त्यानंतर दोनच वर्षांनी तुम्ही गेलात. पेन मी इथवर आणलं, आणि इथल्या नारिंगी पुठ्ठ्याच्या वह्यांतही तो रकाना आखला. साहेब आधी हसले, मग त्यांना त्याचा लळा लागला. "तुझ्या डॅडीच्या रकान्यात आज काय आलं?" असं विचारायचे. सुरुवातीचं वर्षभर त्यात बरंच काही आलं, अण्णा. ते मी तुम्हाला अभिमानानं दाखवू शकले असते.

पण एक झालं. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. मी नदीच्या पुलावर तिपाई लावून यंत्रातून बघत होते, तर पोलिसाची गाडी येऊन थांबली. कुणीतरी फोन केला होता की एक परदेशी बाई पुलाची मापं घेते आहे. साहेब येईपर्यंत पाऊण तास मी गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी होते. पोलीस वाईट वागला नाही, "सॉरी मॅम" असंही म्हणाला. पण तेव्हापासून अनोळखी दार ठोठावायचं म्हटलं की मला भीती वाटायची. हे कारण लक्षात ठेवा, पुढे मी ते वापरणार आहे.

आम्ही आलो त्याच सुमाराला सूतगिरणी बंद पडली होती आणि गाव मरणार असं सगळे म्हणत होते. मेलं नाही. अटलांटाच इकडे सरकत आली. मोठ्या शहरात घर परवडत नाही म्हणून लोक इथे यायला लागले, बँका कुणालाही कर्ज द्यायला लागल्या, आणि आमच्या ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नाही अशी अवस्था झाली. ज्या शेतात गेल्या वर्षी कापूस होता तिथे या वर्षी रस्ते, गटारं, दिव्याचे खांब. माझ्या हातानं या गावाचा जेवढा नकाशा काढून झाला तेवढा साहेबांच्या तीन पिढ्यांनी मिळून काढला नसेल. मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू? मग शहरातल्या एका कंपनीनं नदीचं ते वळण विकत घेतलं. तिथे वसाहत होणार होती, आणि तिला जुन्या वीटभट्टीचंच नाव द्यायचं ठरलं होतं.

२००३ च्या वसंतात मी तिथे मोजणीला गेले. भट्टीच्या मागे चढावर सीडरची चार गडद झाडं होती. त्यांच्याखाली सगळीकडे आपल्या सदाफुलीसारख्या जांभळ्या फुलांचा वेल पसरलेला, इतका दाट की पाय ठेवायला जीव होईना. त्या फुलांतून ओबडधोबड दगड डोकं वर काढून उभे होते, रांगेनं. आणि प्रत्येक दगडापुढे जमिनीत उथळ खळगा, पुरुषभर लांब. मी तिथे एकटीच उभी राहून हसले, अण्णा. मला एकदम ती म्हातारी आठवली. म्हटलं, वाफे! कुणाची तरी जुनी बाग, दगड लावून आखलेली. या वेळी मी दगडांना हद्द म्हणणार नव्हते, शहाणी झाले होते ना. तुमचा प्रश्न मी विसरले आणि त्या बाईचं उत्तर तेवढं पाठ करून ठेवलं.

तरी हात तुमचाच होता. सगळे दगड मी मोजले. एकतीस. प्रत्येकाचं सीडरपासूनचं अंतर, दिशा, उंची, आणि सीडरांचं हद्दीच्या लोखंडी खुंटीपासूनचं अंतर, सगळं वहीत घेतलं. एकोणिसाव्या दगडाच्या पायाशी एक पांढरा कप उपडा होता, निळ्या किनारीचा, कान तुटलेला. तोही लिहिला. 'सांगणार'चा रकाना कोरा राहिला, कारण तिथे विचारायला कुणी नव्हतं. नकाशात मी त्या जागेवर लिहिलं, जुनी बाग. साहेबांनी नेहमीप्रमाणे माझ्यावर विसंबून सही केली.

दोन वर्षांनी कंपनीनं काम सुरू केलं. बुलडोझर फिरला, सीडर पडले, फुलं गेली, दगड एका कोपऱ्यात ढिगानं पडले. उरलं ते सपाट लाल रान. त्यानंतर आठवडाभरात साहेब माझ्या टेबलाशी आले. "टाउन हॉलमध्ये एका म्हाताऱ्या बाईनं अर्ज दिलाय," ते म्हणाले. "तिचं म्हणणं, वळणावर तिच्या लोकांची थडगी आहेत. तुला काही दिसलं होतं का गं?"

"बाग होती. जुनी बाग," मी म्हणाले.

"मग झालं," म्हणून ते गेले. एवढा विश्वास होता त्यांचा.

वही मी घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. आपल्याकडे माणूस गेला की जाळतात. जमिनीत पुरुषभर लांबीचा खळगा बघून मला काही कळायला हवं होतं, असं कुणी म्हणणार नाही. पण एकतीस वाफे आणि पाण्याचा पाट एकालाही नाही, हे कऱ्हाडच्या पोरीला कळू नये? चढावर, झाडांच्या गच्च सावलीत कोण वांगी लावतं? बघताक्षणी मला सगळं समजलं. समजलं म्हणजे काय, वही मीच लिहिली होती.

नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. त्याची ग्रीन कार्डची फाइल आधीची कंपनी बंद पडली तेव्हाच बुडाली होती. आता तिघांचं सगळं माझ्या फाइलवर होतं.

"तू आता काही बोलू नकोस यार," तो म्हणाला. "एम्प्लॉयरनं साइन केलेला सर्व्हे मॅप तूच चुकीचा म्हणालीस तर तो तुला स्पॉन्सर कशाला करेल? फाइल विथड्रॉ केली तर सगळं रिस्टार्ट. किंवा सरळ बॅग पॅक."

"माणसं आहेत रे तिथे. एकतीस."

"आय नो. पण त्यांचं आता काही बिघडणार आहे का? आपलं बिघडेल." मग तो उठला आणि माझी पाळी असताना सगळी भांडी घासून ठेवली. त्यालाही बरं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. मला दोष द्यायला दुसरा माणूस हवा होता, आणि तो भांडी घासत होता.

टाउन हॉलमध्ये सुनावणी होती. ऐंशी उलटलेल्या एक आजी उठल्या. डोक्यावर फिकट पिवळी टोपी, हातात पर्स. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस वर्षं काम केलेलं, समोर बसलेल्या निम्म्या पंचांना त्यांनी लहानपणी वाढलेलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कागद नाही. माझी आई तिथे आहे. आजी आहे, दोन भाऊ आहेत. भट्टीवरची सगळी माणसं तिथेच ठेवलीत. पाय चालत होते तोवर मी दर ईस्टरला झाडायला जायचे." कंपनीच्या वकिलानं फार अदबीनं विचारलं की मॅम, जागा दाखवू शकाल का? त्या म्हणाल्या, "सीडरच्या खाली." सीडर आता नव्हते. वकिलानं माझा नकाशा वर धरला. त्यात जुनी बाग होती.

अण्णा, वरची हातभर माती तेवढी सरकली होती. खाली जे होतं ते खालीच होतं. माझ्या वहीतली मापं घेऊन कोणताही साधा मोजणीदार दोन तासांत त्या रानात एकतीस खुंट्या ठोकू शकला असता. वही माझ्या पर्समध्ये होती. का नेली होती? कुणी मागितली तर देईन, असं मी स्वतःला सांगत होते. अध्यक्षांनी विचारलं, "मोजणीवाल्यांना काही सांगायचं आहे?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. पंचांनी कंपनीच्या बाजूनं हात वर केले आणि विषय संपला.

बाहेर गाड्यांपाशी त्या आजी मला गाठायला आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. "बेबी, नकाशा तू काढलास ना? तुला ती फुलं दिसली होती का, जांभळी?"

"हो मॅम. खूप होती."

"माझ्या आजीनं लावलेली. नाव कोरलेला दगड कुणाच्या ऐपतीत होता? फुलं असली की कळायचं, इथे आपली माणसं आहेत." मग म्हणाल्या, "आईपाशी मी तिचा कप ठेवला होता. शेवटची कॉफी ती ज्यातनं प्यायली तो. निळ्या काठाचा. आता तोही गेला असेल."

एकोणीस नंबर, दुसऱ्या सीडरपासून बावीस फूट चार इंच, नैर्ऋत्येला. ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "आय अ‍ॅम सो सॉरी, मॅम."

"तुझी आई आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, भारतात. "मग घरी गेलीस की फोन कर तिला," असं म्हणून त्यांनी माझा हात थोपटला आणि त्या गेल्या. फोन मी त्या दिवशी केला नाही. आईला आवाजावरून सगळं कळतं.

पुढचं तुम्हाला सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. वळणावर रस्ते झाले. कोणता रस्ता कुठल्या दगडावरून जातो ते मला पाठ होतं, कारण रस्त्यांची आखणीही मीच केली. एकोणीस नंबर एका घराच्या प्लॉटच्या कोपऱ्यात आला. ग्रीन कार्ड आलं त्या दिवशी मी श्रीखंड केलं, शिकागोजवळच्या शॉमबर्गहून मैत्रिणीचा फोन आला, "अगं, फायनली! पार्टी कधी देताय?" सगळे हसत होते, मीही हसले. श्रीखंड चांगलं झालं होतं, मी माझी वाटी पोरीपुढे सरकवली. बोलायचं तर तेव्हा बोलता आलं असतं, आता भीती कसली होती? पण दोन वर्षं गप्प राहिलेल्या माणसानं तोंड उघडलं की पहिला प्रश्न हाच येणार, इतके दिवस कुठे होतीस? म्हणून मी आणखी गप्प राहिले.

या वर्षी सगळंच कोसळलं. बँका हात वर करून बसल्या, ती कंपनी बुडाली, वळणावर चार घरं पुरी झाली आणि त्यातली दोन विकली गेली नाहीत. बाकी नुसते रस्ते, वळणं, अंगठ्याएवढे नळ जमिनीतून वर आलेले, आणि गुडघाभर गवत. परवा संध्याकाळी तिथून जाताना रस्त्यावरचे दिवे लागले. पोरगी आता बारा वर्षांची आहे, ती म्हणाली, "आई, व्हाय आर द लाइट्स ऑन? नोबडी लिव्हज हिअर." मी गाडी चालवत राहिले. आणि ज्या घरांसाठी मी त्या माणसांना बाग म्हटलं ती घरं झालीच नाहीत, अण्णा. कुणाचंच काही झालं नाही त्यातून. आमचं ग्रीन कार्ड तेवढं झालं.

आजी मार्चमध्ये गेल्या. गावच्या साप्ताहिकात चौकट आली होती. मी त्यांच्या चर्चमध्ये गेले, शेवटच्या बाकावर बसले. पाद्री म्हणाले, यांची फार इच्छा होती आईशेजारी विसावण्याची, पण त्यांची आई कुठे आहे हे आता फक्त देवाला ठाऊक. देवाला आणि मला, अण्णा. आजींना हायवेलगतच्या नव्या दफनभूमीत ठेवलं, जिथे त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. नंतर चर्चच्या बायकांनी मला आग्रह करून ताट वाढून दिलं. एकीनं विचारलं, तुमची कशी ओळख? मी म्हटलं, कामामुळे. ती सांगत होती की आजींना वळणावरच्या सगळ्यांची नावं तोंडपाठ होती, पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत, कोण कुणाशेजारी. लिहून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. मापं माझ्याकडे होती, नावं त्यांच्याकडे. तीन वर्षं एकाच गावात, एकाच किराणा दुकानातून दूध नेत होतो आम्ही. आता नुसती मापं उरली आहेत आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

साहेबांनी उन्हाळ्यात ऑफिस बंद केलं. ते मासे धरतात, नातवंडांना ट्रकमधून फिरवतात, अधूनमधून फोन करून विचारतात, "तुझ्या डॅडीच्या रकान्यात काय नवीन?" वही मी चर्चला दिली तर त्यांची सही पुढे येणार, आणि तीन पिढ्यांच्या नावाला त्यांचा दोष नसताना बट्टा लागणार. हे खरं आहे, आणि ही माझी सबबही आहे. दर रविवारी मी वही पर्समध्ये टाकते, चर्चवरून गाडी नेते आणि भाजी घेऊन परत येते. आत्ता दुपारचे दोन वाजलेत. नवरा पोरीला घेऊन तिच्या पोहण्याच्या क्लासला गेला आहे. स्वयंपाकघरात चांगला उजेड आहे. वही समोर आहे.

वर मी तुम्हाला एक खोटं लिहिलं आहे. तिथे विचारायला कुणी नव्हतं, असं लिहिलं. होतं. वळणाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एकच घर होतं, पुढे ओसरी, ओसरीवर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई पिकानची, आपल्या अक्रोडासारखी, फळं फोडत बसल्या होत्या. मी यंत्र गाडीत ठेवत होते तेव्हा त्यांनी हात केला. मीही केला. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं टोपलं उचलून खाली ठेवलं, कुणी येऊन बसावं म्हणून. पोलिसाची गोष्ट मी वर मुद्दाम सांगून ठेवली होती, पण बसायला खुर्ची मोकळी करणाऱ्या बाईची कुणाला भीती वाटते? शुक्रवार होता. तीनला पोरीची शाळा सुटायची. सांगणारा भेटला की काम वाढतं, आणि मला ते काम त्या दिवशी संपवायचं होतं. मी गाडी सुरू केली. टाउन हॉलमध्ये त्या उठल्या तेव्हा मी त्यांना टोपीखालीही ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं असणार.

त्या पानावरच्या तुमच्या रकान्यात मी आत्ता लिहिलं: होत्या. विचारलं नाही.

तुमचं पेन शेजारीच होतं, शाई भरलेलं. मी पेन्सिलीनं लिहिलं, अण्णा.